बूम वाढवला, की दोन टनांची क्रेन दोन टनांची राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या कराड-वाळवा पट्ट्यात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांची गॅरेजसमोर रांग लागते. बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स आणि मागचे हाऊसिंग हाच त्यांचा कणा. त्यामुळे क्लचप्लेट बदलायची म्हटली तरी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, आणि सुटे होणारे धूड ओतीव लोखंडाचे असते. बाजारात मिळणारी घडीची इंजिन क्रेन मात्र कार-जीपच्या मापाने बनवलेली. ट्रॅक्टरची पुढची चाके आडवी येतात, क्रेनचे पाय आत शिरत नाहीत, हूक इंजिनाच्या मध्यावर पोचत नाही. मग गॅरेजवाला शेजारच्या फॅब्रिकेटरकडे जातो आणि बूमला, म्हणजे क्रेनच्या उचलणाऱ्या आडव्या हाताला, दोन फूट पाइप जोडून आणतो.

गरज खरी आहे, म्हणून ‘क्रेनला हात लावू नका’ असे मी म्हणणार नाही. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही गॅरेजवाले जोड दाखवायला बोलावतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की बूम वाढवला त्या दिवशी ती क्रेन नवी झाली. तिचा हिशोब नव्याने मांडा, तिची नव्याने चाचणी घ्या आणि तिच्यावर नवा आकडा रंगवा. आज होते काय, तर बूम लांबतो आणि अंगावरची ‘२ टन’ ही अक्षरे तशीच राहतात. काल कामाला लागलेला हेल्पर त्या अक्षरांवर विश्वास ठेवून खाली हात घालतो.

दोन टनांच्या क्रेनचा बूम नीट पाहा. त्यावर चार होल असतात आणि शेजारी २, दीड, १ आणि अर्धा टन असे लिहिलेले असते. म्हणजे बूम पूर्ण बाहेर काढला की ती क्रेन अर्ध्याच टनाची, हे बनवणाऱ्यानेच सांगून ठेवले आहे. आता समजा बूमला खालून उचलणाऱ्या जॅकच्या पिनेपासून शेवटच्या होलापर्यंत पाच फूट अंतर आहे आणि आपण दोन फूट वाढवले. ५०० गुणिले ५ भागिले ७, उत्तर येते ३५७ किलो. त्यातून जोडलेल्या पाइपचे वजन वजा करायचे ते वेगळेच. हायवेवरच्या गॅरेजमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन उतरवायचे असेल, तर ते ऑइल-पाण्याशिवायच सुमारे ५०० किलो भरते.

हा झाला बूमचा हिशोब. उलटण्याचा वेगळा. हूक क्रेनच्या पुढच्या चाकांच्या रेषेच्या आत आहे तोवर क्रेन उभी राहते. रेषेबाहेर गेला, की ती फक्त स्वतःच्या वजनावर तग धरते. क्रेन ८० किलोची, तिचा भारमध्य पुढच्या चाकांच्या साडेतीन फूट मागे आणि हूक रेषेच्या एक फूट पुढे धरा. २८० किलोला मागची चाके उचलली जातात. बूम ३५७ किलो पेलेल, पण त्याआधीच क्रेन तोंडावर पडेल. म्हणून बूम वाढवला तर पायही त्या मानाने वाढवलेच पाहिजेत, आणि पाय लांबले की तेही जास्त वाकतात, तेव्हा त्यांचा पाइपही जाड हवा.

यावर गॅरेजांमध्ये जो उपाय चालतो, तो पाहून माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या बाजूला वाळूची पोती टाकतात, नाहीतर एखाद्या पोराला उभे करतात. पोत्यांनी उलटणे थांबेल, बूमचे वाकणे थांबत नाही. उलट मागची चाके उचलून क्रेन जो इशारा देत होती, तोच आपण बंद केला. आणि पोराला उभे करणाऱ्या मालकाने बूम तुटल्यावर ती क्रेन कुठे झटका खाईल, याचा एकदा तरी विचार करावा.

दुसरी सवय मोठा जॅक बसवण्याची. ८ टनांचा काढून १२ टनांचा. दोन टनांच्या क्रेनला आठ टनांचा जॅक का, तर तो बूम खांबाला जोडणाऱ्या मागच्या पिनेजवळ उभा असतो आणि हूक तिथून कित्येक पट लांब. चांगल्या जॅकमध्ये जादा भाराचा व्हॉल्व्ह असतो; क्षमतेबाहेर तो उचलतच नाही. मोठा जॅक लावला म्हणजे क्रेन मजबूत होत नाही, ‘आता बस’ म्हणणारा तेवढा निघून जातो.

गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये असाच वाढवलेला बूम पाहिला. चौकोनी पाइपला पाइप टेकवून चारी बाजूंनी वेल्डिंगचा रॉड मारलेला, वर झकास पिवळा रंग. वरच्या अंगाला, जॅकच्या पिनेपासून वीतभर पुढे, रंगावर केसाएवढी रेघ होती आणि तिच्यातून तांबूस गंज पाझरला होता. मालक म्हणाला, ‘सर, रंग तडकलाय.’ मी वायर ब्रशने रंग काढायला लावला, जागा क्लीनरने पुसली, डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाचा, लाल स्प्रे मारला, दहा मिनिटे थांबून कोरडे पुसले आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली, या काठापासून त्या काठापर्यंत. मालकाने एक शब्द न बोलता गॅस कटर मागवला आणि तिथेच बूमचे दोन तुकडे केले. त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

चीर नेमकी तिथे का आली? भार टोकाला असतो तेव्हा बूमवर सर्वांत जास्त वाक जॅकच्या पिनेपाशी येतो आणि त्याचा वरचा पत्रा ताणला जातो. ताणल्या जाणाऱ्या पत्र्यावर आडवा वेल्ड किंवा होल ही सर्वांत वाईट जागा. म्हणून फॅब्रिकेटर बंधूंना विनंती, तुकडा जोडू नका, पूर्ण लांबीचा एकसंध नवा पाइप घ्या. भंगारातला नको, आयएस ४९२३ या भारतीय मानकाचा, ग्रेड माहीत असलेला, जाडी हिशोबाने वाढवलेला. होल पाडायचेच तर बाजूच्या उभ्या पत्र्याच्या मधोमध. मजबुतीची पट्टी मारायची तर बाजूंना, तिची टोके निमुळती ठेवून. वेल्डिंगचा रॉड ७०१८ चा आणि भट्टीत वाळवलेला. पिनेच्या जागी बोल्ट घालणार असाल तर डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा असलेला, आणि कापला जाणारा भाग आट्यांवर न येता सपाट दांड्यावर येईल एवढ्या लांबीचा. साखळी तुटली तर तिला वेल्ड नको, नवी आणा. त्या पोलादाची कडकपणाची प्रक्रिया वेल्डच्या उष्णतेने जाते.

मग चाचणी. ३५० किलोची क्रेन ठरली तर सव्वापट भार लावायचा. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, हे सर्वांना ठाऊक. नऊ पोती म्हणजे साडेचारशे किलो. जमिनीपासून चार बोटे उचला, माणसे लांब ठेवा, दहा मिनिटे थांबा, मग सावकाश उतरवा. जॅकचा उतरवण्याचा व्हॉल्व्ह झटकन सोडून मध्येच दाबला की बूमला दुप्पट ताण बसू शकतो. उचलण्याआधी आणि उतरवल्यानंतर बूमवर दोरी ताणून पाहा. बाक कायमचा राहिला असेल तर तो बूम भंगारात द्या. पास झाला तर प्रत्येक होलाशेजारी नवा आकडा रंगवा आणि जुना ‘२ टन’ खरवडून काढा.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या प्रत्येक यंत्राची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि त्यावर सुरक्षित भार लिहिणे सक्तीचे केले होते. पण मालक, दोन मिस्त्री आणि एक हेल्पर असलेले गॅरेज कामगारसंख्येमुळे कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. सर्वांत कच्ची क्रेन नेमकी तिथेच असते.

साखर कारखान्यांना आपल्या चेन पुल्या आणि क्रेन तपासून घ्याव्याच लागतात. त्याच दिवशी परिसरातल्या गॅरेजवाल्यांना आपली क्रेन घेऊन आवारात बोलवावे, अशी माझी कारखान्यांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे. त्यांचाच ऊस वाहणारे ट्रॅक्टर त्या क्रेनवर चढतात. तालुक्याच्या आयटीआयनेही वेल्डर आणि मेकॅनिक डिझेलच्या मुलांकडून हे काम करून घ्यावे. वर्गातल्या फळ्यापेक्षा ते जास्त शिकतील. माझ्याकडे डाय पेनिट्रंटचा संच आहे. कराड, पाटण, वाळवा भागात कुणी बोलावले तर हंगाम सुरू होण्याआधी मी विनामोबदला येईन. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कराड