उड्या मोजण्याचा सोस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्फोटक ताकद, म्हणजे झटक्यात जोर लावण्याची क्षमता, कमावण्यासाठी ‘दम लागला तरी थांबू नका, मिनिटभरात जमतील तितक्या उड्या पेटीवर मारा’ हा कालच्या क्रीडापानावरील सल्ला वाचला. लेखकमहाशयांचा उत्साह दांडगा आहे. त्यांचे गुडघेही तसेच असावेत.

माझी पुतणी खो-खो खेळते. ठाण्यातल्याच एका खासगी उन्हाळी शिबिरात तिला सिमेंटच्या आवारात रोज सकाळी अगदी याच पद्धतीने उड्या मारायला लावल्या आणि कोणी किती मारल्या याचे आकडे फळ्यावर लिहून मुलींमध्ये चुरस लावली. गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागल्याचे तिने सांगितले, तेव्हा प्रशिक्षकांनी ‘अंगात आळस भरलाय’ असे निदान केले. ऐन स्पर्धेच्या दिवसांत ही मुलगी भिंतीला धरून जिना उतरत होती.

उंचीवरून खाली उतरून तत्क्षणी वर उसळण्याची पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी 1960 च्या दशकात पुढे आणली, ती आधीच भक्कम ताकद असलेल्या खेळाडूंसाठी आणि मोजक्याच उड्यांपुरती. जमिनीवर टेकताना ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तरच त्या ताणाचा फायदा मिळतो. पाय जमिनीवर रेंगाळला की तो वाया जातो, आणि दमलेल्या माणसाचा पाय रेंगाळतोच. अव्वल धावपटूचा पाय पूर्ण वेगात जेमतेम 0.1 सेकंद जमिनीला टेकतो, तर स्नायूला कमाल जोर लावायला त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच आधी वजन घेऊन बैठकांनी जोर वाढवायचा आणि मग तो झटक्यात लावायला शिकायचे, असा हा क्रम आहे. चार-पाच उड्या झाल्या की दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसायचे असते. अर्थात शुल्क तासावर भरलेल्या पालकांना आपली मुलगी नुसती बसलेली दिसली की चैन पडत नाही, हेही खरे.

लेखासोबतच्या छायाचित्रातील तरुण गुडघे छातीशी घेऊन छातीएवढ्या पेटीवर पोचला आहे. त्यात तो किती उंच उसळला यापेक्षा त्याने पाय किती वर ओढून घेतले, हेच अधिक दिसते. त्याच्या नडगीची काळजी मात्र वाटली.

या मुलींना सिमेंटवर उड्या का माराव्या लागतात, तेही विचारात घ्यावे. आमच्या भागातले मातीचे मैदान लग्नसराईत मांडवांना दिले जाते आणि मांडव निघाल्यावर तिथे खिळे व खडी उरते. त्याविषयी मी आपल्याकडे छायाचित्रासह पाठवलेले पत्र अद्याप प्रसिद्ध झालेले नाही. उंच पेटीला मात्र आपण चार स्तंभ दिलेत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नौपाडा, ठाणे