लाळ्या-खुरकूत आणि तुपाचा डबा

बर्लिन,
९ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही हसलात, "तोंडाला फोड आले म्हणून म्हशी मारतात व्हय रे?" मी तेव्हा बसमध्ये होतो, नीट सांगता आलं नाही.

बर्लिनच्या वेशीला लागून ह्योनो म्हणून गाव आहे. तिथं एकाच्या कुरणात १४ म्हशी होत्या. हो, म्हशीच! इकडं दलदलीच्या रानात चरायला म्हशी सोडतात, मांसही विकतात. त्यातल्या ३ मेल्या आणि १० जानेवारीला निदान आलं, लाळ्या-खुरकूत. तोच आपला, तोंडाला-खुरांना फोड आणणारा, जनावरांत भराभर पसरणारा रोग. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. उरलेल्या ११ मारल्या. जवळच्या एका गोठ्यातली दोनेकशे डुकरंही मारली, नुसत्या खबरदारीपोटी. भोवती ३ आणि १० किलोमीटरची रिंगणं आखली. राज्यभर ७२ तास गाय, डुक्कर, मेंढी काहीच गाडीत चढवायचं नाही, असा हुकूम निघाला.

आपल्या चंद्रीला झालं तेव्हा तुम्ही पोटॅशच्या पाण्यानं तिचं तोंड धुतलंत, आईनं पातळ पेज पाजली. दूध आटलं, पण म्हैस दावणीला राहिली. इथल्या माणसाला तसं करायची मुभाच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून युरोपात या रोगाची नेहमीची लस टोचत नाहीत. रोगही नाही आणि लसही नाही, असा देशाचा दर्जा असला की मांसाला परदेशची दारं उघडी. सगळा धंदा त्या दर्जावर उभा.

हे मला बातम्यांतून नाही, कामावर कळलं. आमच्या शीतगोदामातून निघणाऱ्या कंटेनरच्या कागदावर सरकारी पशुवैद्याची सही लागते आणि त्यात एक ओळ असते, की देश या रोगापासून मुक्त आहे. ती ओळ एका दिवसात खोटी ठरली. कोरियानं, ब्रिटननं माल घेणं थांबवलं. मी दोन दिवस नुसते तयार कागद रद्द करत बसलो होतो.

खरा मार डुकरं पाळणाऱ्यांना. डुक्कर सव्वाशे किलोच्या आसपास भरलं की गाडी यायलाच हवी. नाही आली तर ते खात राहतं, चरबी चढते, भाव उतरतो आणि मागच्या पिलांना जागा उरत नाही. मारलेल्या जनावराची भरपाई मिळते, शेतकऱ्यांची वर्गणी आणि सरकारचा पैसा मिळून. पडलेल्या भावाची कोण देणार? एवढे कडक नियम पाळून, खर्च करून, त्यांचं नशीब शेवटी दुसऱ्याच्या म्हशीच्या तोंडावर. मला ते पटत नाही. पण लस टोचली तर बाजार जातो म्हणतात, तेही खोटं नाही.

आपल्याकडं सहा महिन्यांनी टोचायला येतात, ते चुकवू नका. नव्या रेडकाच्या कानात बिल्ला बसला का?

आणि आईला सांगा, मागच्या खेपेला विमानतळावर तुपाचा डबा काढून घेतला तो उगाच नव्हे. बाहेरचं दूध-मांस सामानातून आणायला इथं बंदीच आहे, रोग त्यातूनही येतो म्हणून. या वेळी तूप, पेढे नको. शेंगदाण्याची चटणी मात्र जास्त द्या, गेल्या वेळची आठ दिवसांत संपली.

तुमचा,
बाळू