घेतलेल्या बोटीची हकीकत

बॅरी, ऑन्टारिओ
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी आम्ही बोट घेतल्याचे मी फोनवर सांगितले, तेव्हा आई काही न बोलता फोन तुमच्या हाती देऊन आत निघून गेली. तिच्या मनात काय आले असेल हे बडोद्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १८ जानेवारीला हरणीच्या तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या, त्याला अजून वर्षही झालेले नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हे तुम्हीच मला तेव्हा कळवले होते. म्हणून ही बोट कशी निवडली ते सविस्तर लिहितो. तुम्ही हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि शेवटी तिच्याकडे माझे एक काम आहे, ते तिने करावे.

आपल्याकडे तलाव म्हटला की डोळ्यांपुढे सुरसागर येतो, ज्याच्या एका काठावर उभे राहून दुसऱ्या काठावरच्या दुकानांच्या पाट्या वाचता येतात. त्याहून मोठा म्हणजे फार तर आजवा. आमच्या घराजवळचे सिमको सरोवर सुमारे ७२० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठे. अशा पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, आणि सरोवराच्या लाटेची खोड समुद्राच्या लाटेपेक्षा निराळी असते. समुद्रात दूरवरून आलेली लाट लांब, पसरट असते आणि बोट तिच्यावर चढते नि उतरते. इथे लाटा आखूड, उभ्या आणि एकीच्या पाठीला लागून दुसरी अशा येतात, त्यामुळे सपाट तळाची बोट प्रत्येक लाटेवर आपटत जाते आणि आतल्या माणसांची हाडे खिळखिळी होतात. आम्हाला म्हणूनच तळाला चांगला खोल ‘व्ही’ असलेली बोट हवी होती. मागच्या टोकालाही हा व्ही १८ ते २० अंशांचा असला, तर बोट लाट कापत जाते.

तुमचा पहिला प्रश्न असा होता की उघडी लहान मोटरबोट का घेतली नाही, खोली असलेली कशाला. याचे खरे उत्तर सूनबाई देईल, कारण तिने अगदी सुरुवातीलाच सांगून टाकले होते की दाराचा संडास नसेल तर ती आणि मुले काठावरच बसतील. धाकटीला दुपारी झोपवायला सावलीची जागा हवी, पाऊस आला तर चार जणांना आत शिरता यायला हवे, आणि एखादी रात्र एखाद्या बेटाआड नांगर टाकून राहता आले तर उत्तमच. पुढच्या निमुळत्या भागात दोघांना झोपण्याची गादी, मागच्या बसण्याच्या जागेखाली अजून दोघांपुरती बिळासारखी खोली, मध्ये छोटा ओटा आणि संडास, एवढे सगळे २४ ते २६ फुटांत बसवलेल्या बोटी इथे खूप मिळतात. सी रे, बेलायनर, फोर विन्स, रिंकर यांच्या त्या मापाच्या बोटी आत जाऊन पाहिल्या तर साचा जवळजवळ एकच आहे. हिने मात्र प्रत्येक बोटीत घरचा तीन लिटरचा कुकर पिशवीत घालून नेला आणि शेगडीवर ठेवून, वरच्या कपाटाखाली शिटी उडायला जागा उरते का ते पाहिले. विकणारे चमकून पाहत. दोन बोटी केवळ या परीक्षेत नापास झाल्या.

त्या संडासाची घाण कुठे जाते, हे तुम्ही विचारले होते. ती बोटीतल्या बंद टाकीत साठते आणि धक्क्यावर पंपाने उपसून घेतात. इथल्या पाण्यात ती सोडण्यास कायद्याने सक्त मनाई आहे.

मापाबद्दल आमच्यात बराच खल झाला. इथे विशेष परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता येणाऱ्या ट्रेलरची रुंदी २.६ मीटरपर्यंतच असावी लागते, आणि म्हणूनच या वर्गातल्या बहुतेक बोटी बरोबर साडेआठ फूट रुंद असतात. त्याहून रुंद बोट आत प्रशस्त वाटते, पण ती एका धक्क्याला बांधली गेली की तिथलीच होऊन राहते. आम्हाला पुढे कधीतरी जॉर्जियन बेपर्यंत, म्हणजे ह्युरन सरोवराच्या मोठ्या उपसागरापर्यंत, जायचे आहे. सिमकोमधून तिकडे जाणारा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग एकूण ३८६ किलोमीटरचा आहे, आणि त्यावर पीटरबरोला १९०४ साली सुरू झालेले बोटींचे एक उद्वाहन (लिफ्ट) आहे, ते तुम्ही प्रत्यक्ष पाहावे अशी माझी फार इच्छा आहे. पाण्याने भरलेल्या दोन अजस्र टाक्या तराजूच्या पारड्यांसारख्या जोडलेल्या आहेत. वरच्या टाकीत फूटभर पाणी जास्त घेतात, तेवढ्या वजनाने ती खाली उतरते आणि खालची टाकी बोटींसकट सुमारे २० मीटर वर उचलली जाते. उचलण्यासाठी मोटर नाही, काही नाही.

उरलेल्या बोटींपैकी पहिली आम्ही दहा मिनिटांत सोडली. इथल्या थंडीत इंजिनात पाणी राहिले तर ते गोठून सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाला तडा जातो, म्हणून दर हिवाळ्यापूर्वी ते काढून टाकावे लागते. त्या इंजिनाच्या बाजूला ताज्या रंगाचा एक आडवा पट्टा होता. त्यावरून हाताचे बोट फिरवले तर रंगाखाली वेल्डिंगची गाठ लागली. मालकाने त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

दुसरी बोट २८ फुटांची, दोन इंजिनांची, आतून हॉटेलच्या खोलीसारखी, आणि भाव मात्र आमच्या आवाक्यातला. मला मोह झाला, हे कबूल करतो. आम्ही पोहोचलो तेव्हा मालक हसतमुखाने किल्ली घेऊन उभाच होता. तुम्ही मांडवीजवळ जुनी बजाज घेताना मला शिकवले होते की किकला पाय लावण्यापूर्वी इंजिनाला तळहात लावून पाहावा, कारण थंड इंजिन खोटे बोलत नाही. मी झाकण उघडून हात लावला, तर दोन्ही इंजिने गरम. आम्ही यायच्या आधीच ती चालू करून ठेवलेली होती. थंड असताना ती सुरू व्हायला किती त्रास देतात, हे आम्हाला कळू द्यायचे नव्हते, याखेरीज दुसरे कारण मला तरी दिसले नाही. शिवाय दोन इंजिने म्हणजे दुप्पट तेल, दुप्पट दुरुस्ती, आणि दोघांमध्ये हात घालायला जागा नाही. परतताना गाडीत मी गप्प होतो आणि सूनबाई खुशीत होती.

तिसरी, म्हणजे आमची, २००३ सालची, २४ फुटांची आहे, एकच पाच लिटरचे मर्क्रूझर इंजिन आहे, आणि रंग इतका साधा की मुलाने तिला ‘दह्याचा डबा’ असे नाव ठेवले. इंजिन ४१० तास चालले आहे. जन्मापासून ती गोड्या पाण्यात होती, ही तिची सर्वांत मोठी कमाई, कारण खाऱ्या पाण्यात धुराड्याचे ओतीव भाग काही वर्षांतच आतून खाल्ले जातात. मालक निवृत्त गृहस्थ; त्यांच्याकडे प्रत्येक वर्षीच्या सर्व्हिसिंगची पावती एका फाइलला लावलेली होती. ही फाइल पाहून मला तुमच्या टेबलाचा खण आठवला.

तरीही आम्ही आमच्या पैशाने स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा जाणकार, आणला, आणि तो दिवस मी विसरणार नाही. बोट क्रेनने वर काढून टेकूंवर ठेवली होती. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या डोक्याची लहानशी हातोडी काढली आणि तळापासून वर, वीत-वीत अंतरावर, टकटक करीत निघाला. खंडेराव मार्केटात माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून पाहते, अगदी तसेच. फायबरच्या आत लाकडी फळी असते. कोरडी असली की आवाज खणखणीत येतो, पाणी पिऊन कुजली असली की बद्द. पाऊण तास खणखणीत चालले होते, आणि मग मागच्या भिंतीवर, पोहणाऱ्यांच्या फळीच्या एका बोल्टापाशी, आवाज बसला. त्याने पुन्हा वाजवले, मग ओलावा मोजण्याचे यंत्र लावले आणि खडूने तळहाताएवढे वर्तुळ काढले. जागा पाण्याच्या पातळीच्या वर आणि लहान होती, दुरुस्त होण्याजोगी होती, आणि त्या वर्तुळामुळे किंमत खाली आली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याने नंतर दाखवली. या बोटीत इंजिन आत आणि बोट ढकलणारा पंखा बाहेर असतो, आणि दोघांना जोडणारा दांडा जिथून बाहेर पडतो तिथे लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी असते. तिच्या घड्या त्याने अंगठ्याने उघडल्या, तेव्हा जुन्या टायरवर असतात तशा बारीक भेगा दिसल्या. हा भाता फाटला तर धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा रात्रीतून भरून बुडते. वसंतात बोट पाण्यात घालण्यापूर्वी तो बदलायचा, हे आमच्या खरेदीच्या कागदातच लिहून घेतले आहे.

पाण्यावरची चाचणी २८ सप्टेंबरला झाली. इंजिन हाताला थंडगार लागले आणि दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. पूर्ण वेगाला त्याने मिनिटाला ४,६०० फेरे घेतले, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. नंतर मी मुद्दाम इंजिन मंद करून बोट वाऱ्याला आडवी धरली, कारण बोट सरळ जाताना सगळ्याच चांगल्या वाटतात. ती डोलली, धाकटी हसली आणि सूनबाईने डोळे मिटून घेतले. पण डोलून ती आळस न करता सरळ होत होती.

आता आईसाठी. या बोटीत मला भीती पाण्याइतकीच पेट्रोलची आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि तळाच्या खळग्यात साचते, जसा सिलिंडरचा गॅस ओट्याखाली साचतो. गॅसचा वास आला की बटणाला हात लावायचा नाही, हा तुझा नियम इथेही चालतो: किल्ली फिरवण्यापूर्वी वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटे चालवायचा, मग झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा, आणि मगच इंजिन. दुसरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे जातात तोच हा वायू. बोट हळू चालली आणि मागून वारा असला की धूर आत ओढला जातो. जुना धोकासूचक काढून झोपण्याच्या जागेत नवा बसवला आहे, आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचे नाही.

माणसांच्या संख्येबद्दल एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली. सहा मीटरपर्यंतच्या बोटीवर किती माणसे चालतील त्याची पाटी असते. त्याहून मोठ्या बोटीवर तो आकडा नसतो, म्हणजे निर्णय चालवणाऱ्याच्या अकलेवर सोडलेला असतो. मागच्या जागेत दाटीवाटीने दहा जण सहज बसतात, आणि आमचे इथले मित्रमंडळ मोठे आहे, हे तुम्ही जाणता. आम्ही सहा हा आकडा ठरवला आहे, आणि मी तो पाटीवर लिहून सुकाणूशेजारी चिकटवला आहे, म्हणजे भिडेखातर मोडायची वेळ आली तर आधी पाटी काढावी लागेल. मोटरबोट चालवण्यासाठी इथे परीक्षा देऊन कार्ड घ्यावे लागते. ते आम्हा दोघांनी घेतले आहे, कारण एकटा मीच पाण्यात पडलो तर बोट परत कोण आणणार? बोटीवर माणशी एक जॅकेट असावे असा कायदा आहे. ते अंगावर असावे हा आमचा घरचा कायदा आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुम्ही रागवाल. वेगात जाताना ही बोट किलोमीटरला लिटरहून जास्त पेट्रोल पिते. धक्क्याचे भाडे, विमा आणि हिवाळ्यात ठेवण्याचे पैसे वेगळे. खरेदी शरद ऋतूत केल्याने किंमत मात्र बरी पडली, कारण विकणाऱ्याला आणखी एक हिवाळा भाडे भरायचे नव्हते.

परवा इंजिनातले पाणी काढून त्यात गुलाबी, न गोठणारे द्रव्य भरले आणि बोट पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. मे महिन्यापर्यंत ती तशीच राहील. तुम्ही दोघांनी जूनमध्ये यावे. ऑगस्टअखेरच्या पुरानंतर विश्वामित्रीच्या मगरी गल्लीत आल्याचे फोटो तुम्ही पाठवले होते, तेव्हा नातवंडांनी विचारले की आजी-आजोबा मगरींजवळ राहतात तर बोटीला का घाबरतात. मी काही उत्तर दिले नाही.

आणि आईचे काम: मोठ्या माणसांचे लाइफ जॅकेट छातीच्या मापावर मिळते, वजनही पाहावे लागते. साडीवर बसेल असे, मान मोकळी राहणारे मी पाहून ठेवले आहे. शिंप्याच्या टेपने, स्वेटर न घालता घेतलेले तुझे माप दिवाळीच्या फोनवर इंचांत कळव. बाबांचे माप त्यांच्या कोटावरून मला माहीत आहे.

तुमचा,
धाकटा