सॉफ्टनरचं खारं पाणी जातं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरच्या घडीतून आजकाल एक दिवसाआड 'संपूर्ण घरासाठी सॉफ्ट वॉटर'चं चकचकीत पॅम्फ्लेट खाली पडून राहिलं, म्हणून हे पत्र तुम्हालाच. आम्ही ते मशीन, म्हणजे जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर, दीड वर्षापूर्वी लावलं. मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण जे कोणी विकायला येतात ते एक गोष्ट सांगतच नाहीत.

आम्ही नागपूरच्या बेसाला राहतो, घर बोअरवर. ज्यांच्या नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येतं त्यांना आमचं दुखणं समजायचं नाही. साबणाला फेस नाही, नळाच्या तोंडाला पांढरा खडा, गीझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा बदलली, तुरीची डाळ चार शिट्ट्या होऊनही टणक ती टणक, अन् मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर तर अशी खपली धरते की हाताने मोडावी लागते. तर वैतागून बोलावलं एकाला.

तो आला अन् टेबलावर दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याने आणलेलं आरओचं, अन् दोन्हीत सळ्या असलेलं एक यंत्र सोडून स्विच दाबला. दोन मिनिटात आमच्या ग्लासात तपकिरी-काळा गाळ, आरओचं जसंच्या तसं. आमच्या ह्यांचा चेहरा पडला, म्हणाले आपण हे पितो का! मी बारावीपर्यंत सायन्सवाली, म्हटलं भाऊ त्या आरओच्या ग्लासात जरा चिमूटभर मीठ टाकून दाखवा. तो म्हणे नको मॅडम, मशीन खराब होईल. अहो, लोखंडाची सळई करंटने झिजते, तो गाळ तिचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून करंट वाहत नाही, एवढंच, घाणीशी त्याचा काही संबंध नाही.

मग त्याने टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा. हेही लक्षात ठेवा, टीडीएस म्हणजे हार्डनेस (पाण्याचा जडपणा, कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येतो तो) नाही. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात अन् बदल्यात सोडियम सोडतात, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. हार्डनेस वेगळी मोजावी लागते, थेंब टाकून गुलाबीचं निळं होतं त्या किटने नाहीतर लॅबमध्ये. आम्ही लॅबमधून करून आणली तर लिटरमागे ६४० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं म्हणतात, अन् दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. म्हणजे आम्हाला मशीन लागणारच होतं, लावलं, अन् खरं सांगते, केस मऊ झाले, डाळ शिजायला लागली.

आता मुद्द्याचं. ते मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. आमच्याकडे २५ लिटर रेझिन, एवढ्या हार्डनेसला साधारण दोन हजार लिटर पाणी झालं की संपतं, म्हणजे आम्हा चौघांना चार दिवस. दर वेळी साडेतीन किलो मीठ. करा हिशोब, वर्षाला तीनशे किलोच्या वर मीठ आमच्या एका घरात, अन् प्रत्येक धुण्याला दीड-दोनशे लिटर खारं पाणी बाहेर. हे पाणी जातं कुठे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही अन् आम्हीही विचारलं नाही, चूक आमचीही आहे. प्लंबरला जवळ दिसला तो रेन वॉटर हार्वेस्टिंगचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, त्याने पाइप दिला त्यात सोडून. बोअर तिथून आठ फुटांवर!

आठेक महिन्यांनी पाणी खारट लागायला लागलं. आधी मला वाटलं उन्हाळा आहे, पातळी खाली गेली असेल. परत लॅबमध्ये दिलं तर क्लोराइड, म्हणजे मिठातलाच एक भाग, लिटरमागे आधी १४० मिलिग्रॅम होतं ते ३९० झालेलं (चांगलं म्हणजे २५० च्या आत). आमचंच मीठ आम्हीच वर ओढून राहिलो होतो, अन् सॉफ्टनर खारटपणा काढत नाही. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यातलंही तो काही काढत नाही, सेल्समन काही म्हणो. बाजूच्या दोन घरांच्या बोअरही त्याच खडकात आहेत. त्यांच्या डोळ्याला डोळा देताना मला अजून कसंसंच होतं.

अजून दोन गोष्टी घाईघाईत. स्वयंपाकघराचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून घ्या, कारण हार्डनेस १०० ने कमी झाली की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, घरात बीपीवालं कोणी असेल तर ही बारीकसारीक गोष्ट नाही. कूलर अन् झाडांनाही तेच साधं पाणी द्या, कूलर एकटाच रेझिन फस्त करून टाकतो. अन् ज्यांच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे त्यांनी टाकीच्या आधी कार्बन फिल्टर बसवू नये, तो क्लोरीनच काढून टाकतो अन् मग टाकीत जंतू वाढायला रान मोकळं.

माझी मागणी छोटी आहे. विकणाऱ्यांनी कोटेशनवरच लिहून द्यावं, रेझिन किती लिटर, मीठ किती लागणार अन् खारं पाणी कुठे सोडणार. आमच्याकडच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये बिल्डर शंभर-शंभर घरांना एकच मोठा सॉफ्टनर लावून राहिले, तिथेही सोसायटीवाल्यांनी तो पाइप एकदा डोळ्याने पाहून यावा.

आमचा पाइप नालीपर्यंत न्यायला प्लंबर येतो येतो म्हणून तीन रविवार गेले. तोवर दर चौथ्या रात्री मी बागेचा हिरवा पाइप जोडून पोर्चमधून नालीत सोडते, अन् सकाळी ह्यांची स्कूटर त्याच्यावरून जाते.

एक वाचक, बेसा, नागपूर