सोमवारी येण्याआधी वाच

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू येतेस आणि तालुक्याला तुझा जमिनीतला हिस्सा सोडायचं हक्कसोडपत्र करायचं ठरलंय, असं संदीप म्हणाला. तुम्हा बहीण-भावांच्या मध्ये पडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. ओवीची जुनी वही सापडली, तिच्यात लिहितेय.

बाबांच्या मागे सातबाऱ्यावर आपल्या तिघांची वारस नोंद झाली. आता पाइपलाइनच्या कर्जाला अडचण येते म्हणून "मनीचं नाव कमी करून घेऊ" असं चाललंय. संदीप वाईट नाही गं. तुझ्या फीसाठी वर्षभर कॉलेज सोडून तो कारखान्यावर राबला, ते विसरू नकोस. कर्जाला संमती लागत असेल तर दे. नाव कमी करणं वेगळं.

१९९८ ला माझे वडील, आप्पा गेले. वर्षश्राद्धाच्या आतच मामांनी मला असल्याच कागदासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. तू माझा पदर धरून उभी होतीस. मी सातवी शिकलेली, सही झोकात यायची. पेन मागितलं तर मामा म्हणाले, "अक्का, अंगठा दे, लवकर होतं." कागद वाचायला मागायचं मला सुचलंच नाही. संध्याकाळी मोरपंखी साडी मिळाली. ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही. तुझे बाबाच म्हणाले होते, "करून टाक, माहेर तुटायला नको." आता विहिरीवरच्या आंब्याची एक पाटी हवी असली तरी भाच्याला विचारावं लागतं.

त्याच बाबांच्या पासबुकाच्या पिशवीत १२ ऑगस्ट २०२० च्या पेपरचं कात्रण निघालं. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अरुण मिश्रांसह तिघांच्या पीठानं निकाल दिला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायदा बदलला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत. 'जन्मापासून' या शब्दाखाली बाबांनी लाल पेनानं दोनदा रेघ ओढलीय. मला कधी बोलले नाहीत.

महाराष्ट्रानं हा हक्क १९९४ लाच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. माझं लग्न १९८६ चं. तरी आप्पांच्या स्वतःच्या वाट्यात मला १९५६ च्या मूळ कायद्यानं हक्क होताच. कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता ५०० च्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांपुढे तासाभरात काम होतं. एकदा नोंदणी झाली की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून म्हणते, सही करायची घाई करू नकोस.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. हाताखाली तीस माणसं असलेल्या लेकीला मी काय सांगणार? चुकलं. तुझ्या नावापुढे साहेब लावून फोन येतो ना, तेव्हा मी मुद्दाम शेजारणीला ऐकू जाईल असं बोलते.

मला याच घरात राहायचंय, हेही खरं. संदीपला कळलं तर चार दिवस जेवताना बोलणार नाही. तुझं-त्याचं फाटलं तर दिवाळीला ओवाळायला कोण, ही भीती आहेच. तरी मन तिकडेच जातं, त्या अंगठ्याच्या शाईपाशी.

भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्यात, न्यायला पिशवी आण. आधार कार्ड आणू नकोस. नाही, आण, तुझं तू ठरव. पण कागद आधी मला वाचून दाखव, संदीपसमोर, मोठ्यानं.

तुझी आई