चारदा बदलला, म्हणून खोटा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘इतिहासकारांनी संविधानाचा अर्थ चारदा फिरवला, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ असं रविवारच्या अंकातल्या एका पत्रात वाचलं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे गप्प बसवेना.

आम्ही शिकलो ते असं : संविधान म्हणजे ब्रिटिशांनी केलेल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यावर लावलेली परदेशी ठिगळं. मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडची. हाच तक्ता आज नातवाच्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. स्पर्धा परीक्षेला अजून लागतो म्हणे! वास्तविक ग्रॅनव्हिल ऑस्टिन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६मध्येच सामाजिक क्रांती हा संविधानाचा गाभा असल्याचं मांडलं होतं. त्याच्या मांडणीत सूत्रं मात्र नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद आणि आझाद यांच्या हाती. बाबासाहेबांचं घटनासमितीतलं काम एकत्र वाचायला मिळालं ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या खंडांमुळे. त्यातला तेरावा, १९९४चा, त्यावरच आहे.

२०१८मध्ये आणखी दोन अभ्यासकांनी दिल्लीतले नेते सोडून भलतीकडेच पाहिलं. ऑर्निट शनी यांनी पहिल्या मतदार याद्यांचा पत्रव्यवहार उपसला. संविधान लागू होण्याआधीच हे काम सुरू झालं होतं. परक्यासमोर नाव कसं सांगायचं, म्हणून बायका ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगत. अखेर सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. रोहित डे सर्वोच्च न्यायालयाच्या दफ्तरखान्यात शिरले. तिथे त्यांना भेटले दारूबंदी कायद्याविरुद्ध उभे राहिलेले मुंबईचे बलसारा. व्हिस्की, बिअरबरोबर यू-डी-कोलोन, म्हणजे मद्यार्क असलेलं सुगंधी पाणी, बाळगायचीही मुभा त्यांना हवी होती! १९५१च्या निकालाने त्या कायद्यातली काही कलमं रद्द झाली.

यात लबाडी कुठे आहे? नवी कपाटं उघडली, तशी नवी माणसं दिसली. कागद तोच आणि सरकार बदललं की सूर बदलतो, असं कुणी करत असेल तर मीही पत्रलेखकांच्या बाजूने आहे.

जाता जाता, ‘ठिगळं’ या आरोपाला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणातच उत्तर दिलं होतं : उसनवारीत लाज वाटण्यासारखं काही नाही, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं. तक्ते छापणाऱ्यांनी ते वाचलेलं दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा