पारा चढला की

पुणे, १२ जुलै

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून आपलं बोलणं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. गुडघा तसाच, साखर ठीक.

आपल्या मुक्ताचं अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय स्टेशनवर काय चाललंय, हे इथे कुणाशी बोलायची सोय नाही. ‘अंटार्क्टिका? वा! थंडी किती?’ यापुढे गाडी जात नाही. अरे, थंडीचं काय एवढं! वारा पडलेला असला तर उणे २५ लाही मजेत फिरता येतं, असं कार्टी म्हणते. परवा पारा उणे २६ वरून उणे ११ वर आला. सुलभाने देवापुढे साखर ठेवली. मला घाम फुटला. किनाऱ्याबाहेरून कमी दाबाचं क्षेत्र सरकायला लागलं की समुद्रावरची ऊबदार हवा आत घुसते, पारा चढतो, बॅरोमीटर कोसळतो आणि मागोमाग ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ. सिमला ऑफिससमोर चहा पिताना तूच हे सांगितलं होतंस आणि मी तुला थापाड्या म्हणालो होतो. एरवीचा वारा निराळा, पठारावरची गार, जड हवा उतारावरून घरंगळत येते, तो. तो तिच्या अंगवळणी पडलाय.

पण ब्लिझर्डमध्ये सावलीसुद्धा पडत नाही म्हणे, पाऊल चढावर पडतंय की उतारावर ते कळत नाही. सिंहगडावर धुक्यात आपलं झालं होतं तसं. (कल्याण दरवाज्याकडे तू नेलंस, मी नाही. अजून तेच म्हणतो.) त्यात सूर्य मेअखेरीस मावळलाय तो आता जुलै सरताना उगवणार. कुणाला काही झालं तर उन्हाळ्यापर्यंत विमान नाही, जहाज नाही. आणि हिचं काम काय, तर ओझोन मोजायचे फुगे सोडणं, म्हणजे बाहेर पडणं आलंच.

विचारलं की ‘बाबा, आत बसून कॅरम खेळतेय’ म्हणून हसते. ती हसून सांगते तेव्हा काय समजायचं, ते तुला दहावीच्या निकालापासून माहीत आहे. तुझ्यापाशी ती खोटं बोलत नाही. तिला मेसेज कर. वादळात दोर धरून एका इमारतीतून दुसरीकडे जाताना सोबत कुणी असतं की एकटीच निघते, एवढं काढून घे. मी सांगितलं म्हणू नकोस.

वहिनींचं मोतीबिंदूचं उरकलं का? नातवाचं नाव काय ठेवलंत? इथे नुसती भुरभुर. माझी काळी छत्री तुझ्याकडेच आहे.

तुझा,
अव्या